गझलेची बाराखडी

‘इस्लाह’ हा शब्द तुम्हांला उर्दूच्या तासाला भेटला असेल. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाला दाखवायची आणि उस्तादाने ती सुधारून द्यायची, अशी ही जुनी रीत आहे. तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने दाग देहलवी यांच्याकडे पाठवत असत. थोड्याच काळात दाग यांनी कळवले, की यात सुधारण्यासारखे आता फारसे उरलेले नाही.

मराठीतही असे एक उस्ताद होऊन गेले. त्यांचे नाव सुरेश भट. त्यांचा जन्म १९३२ साली अमरावतीला झाला. २००३ साली नागपूरला त्यांचे निधन झाले. ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ हे त्यांचे गाजलेले संग्रह. उर्दू गझलेचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. नवे कवी त्यांना पत्रे लिहीत. अशा नवोदितांसाठी भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. आपली विद्या झाकून ठेवणारे उस्तादही असतात. भटांनी ती टपालाने वाटली!

एकच वृत्त, काफिया, रदीफ आणि प्रत्येक शेर म्हणजे स्वतंत्र कविता, हे तर तुम्ही जाणताच. अलामत मात्र मुले विसरतात. ‘वारा’ या शब्दाशी ‘किनारा’ जुळतो, ‘हिरा’ जुळत नाही. कारण ‘रा’च्या आधीचा ‘आ’ हा स्वर बदलतो. हा न बदलणारा स्वर म्हणजे अलामत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दूत ‘मेरा’चे ‘मिरा’ करता येते. मराठी गझलेत अशी सवलत सहसा घेत नाहीत. दीर्घ अक्षर दीर्घच राहते.

पण एवढे पाळले म्हणजे गझल झाली का? भटांनी उर्दूकडून घडण घेतली. शब्द आणि दुःख मात्र आपल्या अवतीभवतीच्या माणसांचे घेतले.

एका पावसाळ्यात आम्ही मुलांना घेऊन वेल्ह्यावरून पासलीला गेलो होतो. डोंगरावर धुके उतरले होते. खाचरांत गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन बायका भात लावत होत्या. परत आल्यावर एका मुलाने मला गझल दाखवली. तिच्यात साकी होता, सहरा होता, बुलबुल होता. (बुलबुल त्या रानात असतात खरे!) पासलीचा पाऊस मात्र कोठेच नव्हता.

“साकी कधी पाहिलास?” मी विचारले.

“नाही सर. पण गझलेत असेच असते ना?”

मी त्याला भटांच्या गझला वाचायला दिल्या. खरे सांगायचे तर माझ्या स्वतःच्या जुन्या वहीतही साकीच भरलेला आहे. म्हणून मी त्याला रागावलो नाही.

आठवड्याने तो एकच शेर घेऊन आला. पहिल्या ओळीत चिखलात रोप खोचणारे हात होते. दुसऱ्या ओळीत रात्री उशिरापर्यंत सुई चालवणारे त्याच्या अम्मीचे हात होते. मी तो शेर दोनदा वाचला. दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होती. मी त्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि वही परत दिली. ती मात्रा काढायला त्याला आणखी दोन दिवस लागले.