सही कुणाची, निर्णय कुणाचा?



लेबर रूममध्ये ड्युटी करताना मी रोज एक चूक करायचे. ती आज तुमच्यापुढे कबूल करते. आत बाई कळा सोसत असायची आणि मी संमतीपत्र घेऊन दाराबाहेर जायचे. नवरा सही करायचा. तो कामावर असेल तर सासूबाई अंगठा उठवायच्या. ज्या बाईचं शरीर, तिला तो कागद कुणी वाचून दाखवत नसे. मीही दाखवला नाही. घाई असायची आणि असंच करायचं असतं, असं आम्हाला वाटायचं.

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागले तेव्हा एक ताई आली. पाळीत फार रक्त जातं, ओटीपोटात दुखतं, दोन वर्षं दिवस राहत नाहीत म्हणून घरात बोलणी खावी लागतात, असं तिचं दुखणं. तिला घेऊन तपासणीला गेले. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच तिला तांबी बसवलेली निघाली. बाहेर घरातल्याच कुणीतरी सही केली होती आणि नंतर सगळे विसरले होते. तांबी हे चांगलं साधन आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती ताई मला म्हणाली, "सिस्टर, माझ्या पोटात काय आहे हे फक्त मलाच माहीत नव्हतं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आजचा पाठ संमतीचा.

संमती म्हणजे काय?

संमती म्हणजे नुसती सही नव्हे. आधी समजणं, मग विचार करणं, मग हो किंवा नाही म्हणणं, आणि सगळ्यात शेवटी सही. कोणत्याही ऑपरेशनआधी पाच प्रश्न विचारा. मला काय झालंय? तुम्ही काय करणार आहात? त्यात फायदा काय आणि धोका काय? दुसरा उपाय आहे का? आणि आज हे केलं नाही तर काय होईल? कागद इंग्रजीत असेल तर "मराठीत सांगा" म्हणायला लाजू नका. रिकाम्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका.

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, शुद्धीत असलेल्या आणि समजू शकणाऱ्या माणसाची संमती त्याने स्वतःच द्यायची असते. बाई असली तरी, लग्न झालेलं असलं तरी. जीव धोक्यात आहे, पेशंट बेशुद्ध आहे, अशा वेळी डॉक्टर सहीसाठी न थांबता जीव वाचवू शकतात, आणि वाचवलाच पाहिजे.

दिल्लीतली एक केस लक्षात ठेवा. १९९५ साली एक ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेली. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की आईची ही संमती चालणार नाही. बाई सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. तपासणीला दिलेला होकार म्हणजे पिशवी काढायला दिलेला होकार नव्हे.

पिशवी काढण्याचा विषय आपल्यापासून दूर नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं पुढे आलं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं म्हणून लगेच पिशवी काढायची नसते. पुष्कळदा औषधाने भागतं. "पिशवी काढा" असं कुणी सांगितलं तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. शक्यतो सरकारी रुग्णालयात घ्या.

मूल कधी, किती, आणि उपाय कुणी करायचा?

मुलं थांबवण्याच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, असं सरकारी नियमच सांगतात. बायकोने केलं तरी आणि नवऱ्याने केलं तरी. कळा सुरू असताना किंवा गुंगीत असताना ही संमती घेऊ नये, हाही नियमच आहे. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली आणि त्यातल्या अनेक जणी दगावल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं बंद करायला सांगितलं आणि संमतीचा कागद बाईच्या भाषेत समजावून देण्याचा आदेश दिला.

आता बांधवांसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशात लग्न झालेल्या १०० बायांमागे जवळपास ३८ जणींनी ऑपरेशन करून घेतलेलं दिसतं. पुरुष नसबंदीचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही, ०.३ टक्के आहे. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं असतं. टाका न घालताही होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. ताकद जात नाही, पुरुषपणही जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून घ्यायचं. ऑपरेशन नको असेल तर तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया आणि माला-एन गोळ्या, निरोध हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. यातलं काय झेपेल हे जिचं शरीर तिने ठरवायचं.

गर्भपाताबद्दलही गैरसमज आहे. कायद्यात बसणाऱ्या गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत आणि २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. लग्न झालेलं नाही म्हणून बाईला नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. जायचं ते मान्यताप्राप्त केंद्रातच. दुकानातून गोळ्या आणून घरी खाऊ नका. पोटातला मुलगा की मुलगी हे तपासणं मात्र गुन्हा आहे, तिथे कुणाचीही संमती चालत नाही.

"पण आम्ही सगळ्यांना विचारून करतो"

वस्तीत हे नेहमी ऐकते, आणि ते चांगलंच आहे. आजारात घरच्यांचा आधार मोठा असतो. पण सल्ला देणं वेगळं आणि परस्पर ठरवणं वेगळं. घरच्यांनी सोबत बसावं, प्रश्न विचारायला मदत करावी. शेवटचा हो किंवा नाही मात्र जिचा तिचाच.

म्हाताऱ्या माणसांचंही हेच. "बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका," असं मुलं माझ्या कानात सांगत. त्यांचं प्रेम मला दिसायचं. पण बाबांना सगळं कळत असायचं. न सांगितल्यामुळे ते एकटे पडायचे. उपचार घ्यायचे की नाही, कुणाला भेटायचं, घरी राहायचं की दवाखान्यात, हे ठरवायची संधीच त्यांना मिळत नसे. आधी त्यांना विचारा, "तुम्हाला सगळं ऐकायचं आहे का?" ते हो म्हणाले तर सांगा.

लहानांसाठी आपल्याला सही करावीच लागते. नर्सिंगच्या प्रवेशाला मी सतरा वर्षांची होते, म्हणून वडिलांची सही लागली. पेन हातात घेऊन ते म्हणाले, "रक्त बघवेल का? रात्रपाळी जमेल का? तुझं मन आहे ना?" मी हो म्हटल्यावरच त्यांनी सही केली. सही त्यांची होती, निर्णय माझा होता. आज कितीतरी घरांत मुलीचं कॉलेज मामा ठरवतो आणि लग्नाची तारीख काका. मुलीला फक्त कळवतात. घरात जिला कधी कुणी विचारलंच नाही, ती दवाखान्यात डॉक्टरांना प्रश्न कुठून विचारणार?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो पी. जे. रोहम यांनी मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. मूल नको असेल तर ते टाळणं बाईला शक्य झालं पाहिजे आणि निवड पूर्णपणे तिचीच असली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. ठराव फेटाळला गेला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बायांना सांगितलं की लग्नाची घाई करू नका आणि पत्नी म्हणून नवऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वागा. तथागतांनीही कालामांना हेच शिकवलं होतं. कुणी मोठ्याने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

या महिन्यात एवढं करा

घरात कुणी गरोदर असेल तर सातव्या महिन्यातच आशाताईसोबत बसा. बाळंतपणानंतर तांबी हवी की नको, ऑपरेशन हवं की नको, हे तिलाच ठरवू द्या आणि केसपेपरवर लिहून घ्या. कळा सुरू झाल्यावर विचार करायला वेळ नसतो. डिस्चार्जच्या दिवशी विचारा, "माझ्यावर काय केलं?" आणि तो कागद जपून ठेवा. दवाखान्यात कुणी ओरडलं तर घाबरू नका. सोबत एक जण न्या आणि प्रश्न पुन्हा विचारा.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर हे पान मोठ्याने वाचा. पाच प्रश्न मुलींकडून पाठ करून घ्या, आणि मुलांकडूनही. ती ताई आता आमच्या गटात आहे. तिने स्वतःच्या मर्जीने तांबी काढून घेतली. पुढे काय करायचं ते तिचं तिने ठरवलं, आणि त्या कागदावर सही तिचीच होती.

जयभीम. नमो बुद्धाय.