तिरप्या पाटीवरचा ‘ळ’

प्रश्न : मी कामशेतला राहतो. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानांच्या कितीतरी पाट्यांवर आणि आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतींच्या फ्लेक्सवर जाडजूड, उजवीकडे झुकलेली अक्षरं दिसतात. त्यात वेग असतो म्हणे. मग एक्स्प्रेसवेवर, जिथे खरा वेग आहे, तिथल्या फलकांवर अक्षरं सरळ उभी का? आणि मी घरच्या कॉम्प्युटरवर तशी अक्षरं केली की ती गिचमिड का दिसतात?

उत्तर : आपल्या शंकेत दोन गोष्टी गुंतल्या आहेत. आधी वेगाची पाहू.

तिरपं अक्षर मुळात वेगासाठी जन्मलेलं नाही. व्हेनिसच्या आल्डस मानुतियसने 1501 मध्ये व्हर्जिलच्या कविता तिरप्या टायपात छापल्या. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता आणि त्याचा नमुना होता त्या काळच्या विद्वानांचं भरभर लिहिलेलं हस्ताक्षर. अख्खं पुस्तक त्याच अक्षरात होतं. आपल्याकडे मोडीतही हात भरभर चालला की अक्षर कलतं. घाई लिहिणाऱ्याची होती, वाचणाऱ्याची नव्हे. जाहिरातवाल्यांनी पुढे त्या कलण्याला धावण्याचा अर्थ दिला आणि तो डोळ्यांना पटला.

कलण्यासोबत अशा अक्षरांचा एकजाडपणाही नवा वाटतो. एकसारख्या जाडीची, टोकाला फुलोरा नसलेली रोमन अक्षरं टाइप म्हणून आली ती 1816 च्या सुमारास, लंडनच्या विल्यम कॅसलॉन चौथा याच्या नमुन्यात. देवनागरीत बोरूच्या तिरक्या छाटामुळे रेघ जाड-बारीक होत आली, म्हणून एकजाड रेघ आपल्याला ‘आधुनिक’ वाटते. कार्ल्याच्या लेण्यात गेलात तर दात्यांची नावं सांगणारे ब्राह्मी लेख जरूर पाहा. त्या अक्षरांना शिरोरेषा नाही आणि त्यांच्या रेघांत बोरूचा जाड-बारीक खेळही नाही. मावळाला एकजाड अक्षर नवीन नाही.

आता गिचमिडीकडे. कॉम्प्युटरवर तिरप्याचं बटण दाबलं की तिरपं अक्षर मिळतं, हा समज सर्रास आढळतो. फाँटमध्ये कुणी वेगळं तिरपं अक्षर रेखाटलेलं असेल तरच ते खरं मिळतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’ या लोकप्रिय फाँटमध्ये बारीक ते जाड अशी सात वजनं आहेत, तिरपं रूप मात्र नाही. अशा वेळी कॉम्प्युटर उभं अक्षरच ढकलून वाकडं करतो. बारा अंश ढकललं तर दर पाच फूट उंचीमागे अक्षराचा माथा साधारण एक फूट उजवीकडे जातो. ‘कार्ला’मधला रफार उजवीकडे सरकतो आणि खालचे उकार डावीकडे. शिरोरेषा आडवी, म्हणून ती तशीच राहते. रोमनच्या मानाने आपलं अक्षर त्यामुळे कमी कललेलं भासतं, आणि मग हौसेने आणखी ढकललं जातं. (काही जण ओळच चढती करतात. तो निराळा प्रकार. त्यात शिरोरेषाही चढते.)

खरा घोटाळा गोलाईत होतो. गोल ढकलला की त्याचा उजवा-वरचा आणि डावा-खालचा भाग जाड होतो, उरलेले दोन बारीक होतात. जाणता अक्षररचनाकार ही जाडी हाताने दुरुस्त करतो. कॉम्प्युटर करत नाही. त्यात कृत्रिम जाडी घातली की रेघ आतल्या बाजूनेही फुगते आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते.

आणि आपल्या भागाची नावं पाहा : मावळ, मळवली, तळेगाव, खंडाळा, लोणावळा. प्रत्येकात ‘ळ’. या अक्षराच्या पोटात शेजारी शेजारी दोन पोकळ्या. जाड, तिरप्या अक्षरात सर्वांत आधी बुजतात त्या याच. ‘चिक्की’तला ‘क्क’ त्याच्या खालोखाल, कारण एका अक्षराच्या जागेत दोन ‘क’ बसवायचे. म्हणून या धाटणीचं चांगलं अक्षर करणारा ‘ळ’ मुद्दाम रुंद करतो आणि जिथे रेघा भेटतात तिथे त्या किंचित बारीक करतो. मला विचाराल तर मराठी जाड फाँटची परीक्षा ‘क’ किंवा ‘म’वर घेऊच नये, ‘ळ’वर घ्यावी.

यातच एक्स्प्रेसवेचं उत्तर आहे. ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर पुढे जाते. तेवढ्यात चालकाला फक्त नाव ओळखायचं असतं, आणि त्यासाठी अक्षराचं पोट मोकळं हवं, अक्षरांमध्ये अंतर हवं, आकार सवयीचा हवा. तिरपेपणाचं काम वेगळं. तो उभ्या अक्षरांच्या शेजारी उठून दिसतो. रांगेतल्या दहा दुकानांपैकी एकाला नजर खेचून घ्यायची असते, तिथे तो शोभतो. दहाही पाट्या तिरप्या झाल्या की तो गुण संपला.

तेव्हा आपला फ्लेक्स करताना ‘शर्यत’ किंवा ‘चिक्की’ एवढाच एक शब्द जाड-तिरपा ठेवा. गावाचं नाव, तारीख, वेळ उभी असू द्या. तिरपं रूप मुळात रेखाटलेला फाँट निवडा. छापायला देण्याआधी मजकूर आगपेटीएवढा करून कागदावर काढा आणि हातभर लांब धरा. ‘ळ’च्या दोन्ही पोकळ्या दिसल्या तर पुढे जा. नाही दिसल्या तर अक्षर मोठं करण्याआधी त्याची जाडी एक पायरी कमी करा.