घरघंटी बंद पडली? ‘मोटर जळाली’ म्हणण्याआधी हे तपासा

घरघंटी उघडून दाखवलेल्या व्हिडिओचा हा लेखी धडा. व्हिडिओत हात चालतात पण आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आकडे आणि कारणं इथे नीट लिहितो. मशीनजवळ बसून वाचा, आणि प्लग काढून मगच हात घाला.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. मोखाडा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंची एक एचपीची घरघंटी चार महिने ओसरीत गोणपाटाखाली पडून होती. कुणीतरी सांगितलं होतं, मोटर जळाली, रिवाइंडिंग करावं लागेल. मी प्लग लावला तर मशीन नुसतं ‘हूं’ करत होतं, फिरत नव्हतं. कपॅसिटर काढून मोजला. त्यावर छापलेलं २५ मायक्रोफॅरड, मीटरवर आले ९. नवीन बसवला, मशीन फिरलं, ताई खूश, मी चहा पिऊन निघालो. तीन आठवड्यांनी फोन आला, ‘सर, वास आला आणि बंद पडली.’ या वेळी मोटर खरंच जळाली होती. कपॅसिटर गेला हे मला कळलं होतं. तो का गेला, हे मी विचारलंच नव्हतं. रिवाइंडिंगचे पैसे मी दिले.

चार महिने म्हणजे किती, ते बघा. समजा दिवसाला १५ किलो दळण आणि किलोला ५ रुपये, तर रोजचे ७५ आणि १२० दिवसांचे ९,००० रुपये. कपॅसिटर काही शंभर रुपयांत येतो. हा फरक ज्याला समजला त्याला दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आधी लाइट, मग मशीन

मशीन उघडायच्या आधी प्लगपाशी जा. घरघंटीला १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट लागतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत ती टीव्हीच्या छोट्या बोर्डावर, नाहीतर शेजारच्या खोलीतून ओढलेल्या वायरवर चालते. प्लगची पिन काळी पडली असेल, सॉकेट हाताला गरम लागत असेल, तर निम्मा आजार तिथेच आहे.

त्या ताईंकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मीटर लावून बसलो. संध्याकाळी सातला सॉकेटवर १८५ व्होल्ट. मशीन चालू करताना काटा १६० च्या आसपास. असायला हवेत २३०. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे १८५ ला जोर साधारण ६५ टक्के, आणि १६० ला निम्म्याहून थोडा कमी. निम्म्या जोरावर नागलीने भरलेलं चेंबर कसं फिरणार?

आता हे २५ व्होल्ट गेले कुठे? वायरीत. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम. घर ते मशीन ३० मीटर वायर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे एक ओहमच्या थोडं वर. चालताना एक एचपीची मोटर सहाएक अँपिअर घेते, तेव्हा ६-७ व्होल्ट पडतात, चालून जातं. पण सुरू होताना ती चार-पाच पट करंट ओढते, आणि त्या क्षणाला पंचवीस-तीस व्होल्ट वायरीतच संपतात. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घातली की घट दहा-बारा व्होल्टवर येते. वायर बदलायला मोटरला हातही लावावा लागत नाही.

स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर दुकानदाराला मोटर किती एचपीची ते सांगा आणि सुरू होतानाचा करंट झेपेल असा मागा. टीव्हीचा स्टॅबिलायझर घरघंटीला लावलेला मी पाहिलाय. तो फार दिवस टिकला नाही.

लाइट मधेच जाते तेव्हा

जव्हार-मोखाड्यात घरघंट्या मरतात त्या इथे. दळण चालू आहे, चेंबर अर्धं भरलंय, लाइट गेली. आपण बटण बंद न करता चुलीकडे जातो. तासाभराने लाइट येते, तीही आधी कमी दाबाने. मोटर भरल्या पोटी सुरू व्हायचा प्रयत्न करते, अडकते, ‘हूं’ करत उभी राहते. फिरत नसलेली मोटर चालू मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट खाते, पंखाही फिरत नाही, सगळी उष्णता वाइंडिंगमध्ये साठते. घरात कुणी नसेल तर वास येईपर्यंत कळतही नाही.

म्हणून लाइट गेली की पहिलं काम बटण बंद करणं, दुसरं प्लग काढणं. मग दार उघडून चेंबरमधलं अर्धवट दळलेलं धान्य ब्रशने काढा. लाइट आली की दोन-तीन मिनिटं थांबा, घरातला दिवा नीट पेटतोय का बघा, मशीन रिकामं सुरू करा आणि वेग आल्यावर मगच धान्य सोडा. रोजचं बंद करतानाही असंच. शेवटचा दाणा दळून आवाज हलका झाल्यावर बटण बंद करायचं.

लाल रंगाचं ओव्हरलोडचं बटण उडालं असेल तर लगेच दाबू नका. मोटर थंड व्हायला पंधराएक मिनिटं द्या. एका दिवसात तीनदा उडालं तर ते बटण खराब नाही, ते तुम्हाला काहीतरी सांगतंय.

आवाज ऐकून ओळखायचं

काहीच आवाज नाही, मशीन एकदम गप्प. इथे मोटर शेवटची संशयित. सॉकेटमध्ये लाइट आहे का, प्लगमधली वायर सुटलीय का, ओव्हरलोड उडालाय का आणि दाराचा स्विच दबतोय का, या क्रमाने बघा. दारामागे छोटा स्विच असतो, दार लागलं की तो दबतो आणि मशीन चालू होतं. वॉशिंग मशीनला, डिशवॉशरलाही अशीच सोय असते. पीठ साचून हा स्विच अडकतो किंवा त्याची पट्टी वाकते. ब्रशने साफ करा, नाही जमलं तर नवीन टाका, महाग नसतो.

या स्विचच्या दोन वायरी पिळून एकत्र करायच्या, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीन चालतं, हा ‘जुगाड’ मी दोन-तीन गावांत पाहिला. कृपया कुणीही करू नका. गिऱ्हाईक म्हणालं तरी करू नका. आत पातं मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्या घेतं, आणि पिठाच्या मशीनपाशी लहान मुलं खेळत असतात. स्विच मिळेपर्यंत मशीन बंद राहिलं तरी चालेल. तुमच्या हातून जोडलेली वायर उद्या कुणाच्या बोटावर गेली तर तो धंदा नको.

‘हूं’ करतं पण फिरत नाही. प्लग काढा, चेंबर रिकामं करा आणि पातं हाताने फिरवून बघा. अडखळत असेल तर खडा अडकलाय किंवा बेअरिंग धरलंय. मोकळं फिरत असेल तर व्होल्टेज आणि कपॅसिटर. कपॅसिटर मोटरजवळ डबीसारखा असतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते, म्हणून टोकांना हात लावण्याआधी होल्डरमधल्या ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा. नवीन घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त. ‘मोठा टाकला की जोर वाढतो’ हे कुणीतरी सांगेलच. मोठा टाकला की वाइंडिंग तापतं.

आवाज घरघर, खरखर. प्लग काढून पातं सावकाश फिरवा. वाळू दळल्यासारखं लागलं, किंवा पातं वर-खाली हललं, तर बेअरिंग गेलं. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, ६२०२, ६२०३, ६२०४ यांपैकी काहीतरी. तो वहीत लिहा आणि फोटो काढा, कारण चुकीचं बेअरिंग आणलं तर नाशिकची दुसरी फेरी आलीच. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा, त्यावर नंबरापुढे टू-आरएस असं असतं. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड स्वस्त पडतं, पण पिठाची धूळ आत शिरते. काढायला पुलर वापरा. बसवताना आतल्या रिंगवर बसेल अशी पाइप ठेवून ठोका. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर नवीन बेअरिंग तिथेच खराब झालं.

पीठ जाड, पीठ गरम, पीठ बाहेर

या तीन तक्रारी सगळ्यांत जास्त, आणि त्यांत मोटरचा संबंध जवळजवळ नसतो.

आपल्या भागात दळण मुख्यतः नागली, वरई आणि तांदूळ. नागली बारीक, आणि मातीच्या खळ्यावर झोडलेली असेल तर त्यात बारीक खडी येते. मशीनमधलं चुंबक खिळा धरतं, खडा नाही धरत. ती खडी पात्याची धार खाते, जाळीची भोकं मोठी करते. जाळी उजेडात धरून बघा. भोकं लांबट झाली असतील किंवा कुठे फाटली असेल तर पीठ जाड येणारच, बदला. पात्याच्या कडा गोल झाल्या असतील तर काही मॉडेलमध्ये ते उलटं बसवून दुसरी कड वापरता येते. नट काढताना आटे उलटे आहेत का ते आधी बघा, जोर लावून शाफ्टचे आटे घालवू नका. आणि धान्य सुपात पाखडून, बारीक चाळणीतून काढून मगच द्या, असं गिऱ्हाइकाला सांगा.

पीठ गरम येतंय म्हणजे ते चेंबरमधून वेळेवर बाहेर पडत नाही, जाळी बुजलीय. पावसाळ्यात हे रोजचं. दमट नागली जाळीला लेप लावते. दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज आला तर दळा, चेपला तर नको. जुलैत ऊन मिळत नाही, तेव्हा तव्यावर किंवा चुलीजवळ हलकं गरम करून पूर्ण गार होऊ द्या. शेंगदाणा, तीळ असलं तेलकट दळण तर घरघंटीत नकोच.

पीठ दारातून उडतंय म्हटलं की लोक दाराची रबरी पट्टी बदलतात. पट्टी कडक किंवा चिरलेली असेल तर जरूर बदला, पण त्याआधी कापडी पिशवी बघा. पात्यामुळे आत हवा तयार होते, ती पिशवीतून बाहेर जायला हवी. पिशवी पिठाने बुजली की हवा दारातून वाट काढते आणि पीठ घेऊन येते. रोज झटका. धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. पावसात वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून पिशव्या दोन ठेवा.

दुरुस्तीचं काम घ्यायचं असेल तर

मोखाड्यात, खोडाळ्यात बसून हा धंदा करायचा तर पार्टचा डबा जवळ हवा. तुमच्या गावातल्या घरघंट्यांवरचे आकडे आधी फिरून लिहून आणा आणि त्याप्रमाणे कपॅसिटर, बेअरिंग, दाराचे स्विच, रबरी पट्टी, दोन-तीन जाळ्या आणा. एक साधा मल्टीमीटर घ्या, मायक्रोफॅरड मोजणारा. ज्याच्यात ती सोय नाही तो स्वस्त असला तरी घेऊ नका.

आणि वही. प्रत्येक कामाला तारीख, पार्टचा नंबर, सॉकेटवरचं व्होल्टेज बंद असताना आणि सुरू होताना, वायरीची लांबी. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. त्या ताईंची वायर मी बदलून दिली, आता सुरू होताना १७२ दाखवतं. चांगलं नाही, पण रिकामं सुरू केलं तर फिरतं. संध्याकाळचं दळण त्यांनी सकाळी अकरावर आणलंय, तेव्हा मीटरवर २१० मिळतात.