अंगण एक, पण चारा-पाणी वेगळे



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते. मधल्या काळात मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळं वस्तीवरच्या दोन-चार शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्यांवर निघतं. घरच्या बाईचा तो बटवाच. एक शेळी दगावली तर तो बटवा रिकामा होतो. म्हणून दोन्ही एकत्र पाळताना काय सांभाळावे, ते येथे देत आहोत.

दिवसा दोन्ही एका अंगणात खुशाल फिरू द्यावीत. कोंबड्या लेंड्यांतल्या अळ्या, किडे, गोचीड टिपतात, तो फायदाच आहे. मात्र खाणे, पाणी आणि रात्रीचा निवारा या तीन गोष्टी वेगळ्या हव्यात.

१) खाणे : सर्वांत मोठा धोका येथे आहे. कोंबडीच्या खाद्यात मक्याचा भरडा व दाणा भरपूर असतो. शेळीच्या हे पोते हाती लागले की ती थांबत नाही. एकदम खाल्लेला दाणा तिच्या पोटात आंबतो व आम्ल तयार होते. शेळी रवंथ बंद करते, दात खाते, पोट टम्म होतं, आंबूस वासाची हगवण लागते. उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत जनावर हातचे जाते. अशा वेळी दाणा ताबडतोब बंद करून फक्त कोरडा कडबा ठेवावा आणि डॉक्टरांना बोलवावे. घरगुती काढा नळीने किंवा जबरदस्तीने पाजू नये, तो फुफ्फुसात जातो.

उपाय सोपा आहे. कोंबड्यांचे खाद्य खुराड्यातच द्यावे, सकाळी सोडण्यापूर्वी व संध्याकाळी कोंडल्यावर. पोते झाकणाच्या पिंपात ठेवून झाकण बांधावे.

२) पाणी व गव्हाण : कोंबडी गव्हाणीत चढून उकरते, विष्ठा टाकते. त्यातून हगवणीचे जंतू शेळ्यांना, विशेषतः करडांना, जातात. चारा जाळीत टांगून द्यावा. शेळ्यांचे पाणी उंच भांड्यात ठेवून रोज बदलावे. आढ्यावर कोंबड्या बसत असतील तर त्याखाली शेळ्या बांधू नयेत.

पाणी वेगळे का, याचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथे देशात पहिल्यांदा कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका शेतावर करडांनाही हाच रोग झाला. त्या शेतावरच्या कोंबड्यांत तो आधीच आला होता आणि कोंबड्या व शेळ्यांची जागा आणि पाणी एकच होते. म्हणून कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्यांना हात लावू नये, विकू नये, ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एरवी मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी. कुजलेल्या मांसातील विष चाऱ्यात गेले तर शेळीलाही बाधते.

३) निवारा : मोठ्या शेळीला आडोशाखाली सुमारे दहा चौरस फूट व मोकळी जागा त्याच्या दुप्पट लागते. कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात. जमीन कोरडी हवी. ओलीत करडांना व पिलांना रक्ती हगवण लागते. दोघांचे जंतू निराळे आहेत, पण दोघांनाही ओलच भोवते. कराड, पाटण, शिराळा, वाळवा भागांत उसात बिबट्या असतो. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे वळतो. म्हणून गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळी असावी. मुंगूस व भटकी कुत्री यांपासूनही तीच राखण.

४) लसी : शेळ्यांना आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी. पीपीआरची लस करडू चार महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी. कोंबड्यांना मानमोडीची लस वेळेवर द्यावी. नवे जनावर बाजारातून आणल्यास तीन आठवडे वेगळे बांधावे, मगच कळपात सोडावे.

यात खर्चाचे काम फक्त जाळीचे, बाकी सारे सवयीचे आहे. येत्या अमावास्येच्या आत प्रत्येकाने आपल्या वस्तीवर खाद्याचे पोते कुठे आहे आणि शेळीचे तोंड तिथे पोचते का, एवढे तरी पाहून घ्यावे, ही विनंती.