यादीत नसलेल्यांकडे आधी जा

पापडी, वसई
उपवासकाळाचा दुसरा रविवार

प्रिय बाय,

तुझ्या आईचा राग अजून उतरलेला नाही. साठ माणसांत लग्न ही गोष्ट आपल्या घरात कोणी ऐकलेली नाही, आणि तिने तर तुझ्या जन्मापासून मनातल्या मनात मांडव घालून ठेवलेला. तू माझं मत विचारलंस म्हणून सांगते, लग्न छोटंच कर. मांडव, बँड, पंगतीवर पंगती आणि मग वर्षानुवर्षं फिटणारं कर्ज, हे मी शेजारीपाजारी पुष्कळ पाहिलंय. फक्त छोट्या लग्नात पैसे वाचले तरी चपला झिजवाव्या लागतात, याची तुम्हाला दोघांना कल्पना दिसत नाही.

गुपचूप उरकायचं आणि मग सगळ्यांना फोटो पाठवायचे, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. पापडीत ते जमायचं नाही. लग्नाआधी तुमची नावं आईबापांच्या नावांसकट देवळात वाचली जाणार, तीन रविवार. इथे आपल्या अवर लेडी ऑफ ग्रेसमध्ये आणि तिकडे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या नंदाखालला. कोणाची हरकत असेल तर कळवा, हा त्या घोषणेचा मूळ हेतू. हरकत सहसा कोणी घेत नाही, पण कान सगळ्यांचे टवकारलेले असतात. पहिल्या रविवारी मिस्सा संपून माणसं पायऱ्या उतरायच्या आत अर्ध्या गावाला कळलेलं असेल की या पोरीचं लग्न आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला आपल्याला आमंत्रण नाही हेही. म्हणून पहिली घोषणा व्हायच्या आधी एक शनिवार-रविवार काढून इकडे ये.

यादीत कोण आहे याची काळजी तू करू नको, ती तुझी आई करील. यादीत कोण नाही ते वहीत लिहून काढ. तुला धर्मशिक्षण शिकवणाऱ्या बाई, तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा रात्र रात्र बसलेले मागच्या आळीतले अंकल, तुझ्या आजीची मैत्रीण. अशी दहा-बारा घरं निघतील. सगळीकडे स्वतः जा, आणि त्यालाही घेऊन जा. फोनवर हे सांगायचं नसतं, व्हॉट्सॅपवर तर मुळीच नाही. संध्याकाळी रोझरीच्या आधी जा. चहा पुढे आला तर नाही म्हणू नको. हॉल लहान आहे, त्याच्या ऑफिसात रजा नाही, असली लांबण लावू नको. माणसांना लगेच कळतं. सरळ सांग, 'लग्न लहान करतोय, जेवण घरच्यांपुरतं आहे, पण मिस्साला तुम्ही यायलाच हवं.' एखादी म्हातारी फणकारेल, 'आम्ही काय परके?' म्हणेल. म्हणू दे. तोंडावर फणकारलेली बाई लग्नाच्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेली असते. गोड हसून 'असू दे गं' म्हणाली तर मात्र तिच्याकडे पुन्हा एकदा जाऊन ये.

आणि मिस्साला बोलावणं ही काही पळवाट नव्हे. धर्माच्या नियमाने लग्नाला लागतात ते एक फादर, तुम्ही दोघं आणि दोन साक्षीदार. साठ हा आकडा जेवणाचा आहे. देवळाचं दार लग्नाच्या दिवशी कोणालाच बंद नसतं. 1574 साली स्थापन झालेला हा धर्मग्राम. 1998 मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा आपलं देऊळ कॅथेड्रल झालं. एवढ्या मोठ्या देवळात साठ माणसं चार बाकांत संपतील. भरू दे ते. बाहेर पडल्यावर सगळ्यांना केकचा तुकडा आणि सरबत दे, त्याला काही लाख लागत नाहीत.

तू म्हणालीस, कोरोनात नाही का लागली छोटी लग्नं? लागली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर सरकारने पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती, मोडल्यास पन्नास हजार दंड. तेव्हा कोणी रुसलं नाही, कारण यादी सरकारने कापली होती. तुमची यादी तुम्ही कापताय, तेव्हा बोलणीही तुम्हीच खायची.

आता तुमच्या जपानच्या हनिमूनचं. वाचलेले पैसे सोन्यात घाल असं तुझी आई म्हणते, मी म्हणते जा. पण लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसऱ्याच दिवशी विमान, हे नको. 29 एप्रिल ते 5 मे तिकडे सुट्ट्यांची रांग असते, गोल्डन वीक म्हणतात. गाड्या नि हॉटेलं तुडुंब, दर चढलेले. सहा-सात मेनंतर निघा. जून उजाडला की पाऊस लागतो, म्हणून फार पुढेही ढकलू नका. मधला आठवडा आयता मिळतो, त्यात त्या वहीतल्या घरी नवराबायको म्हणून पुन्हा जाऊन या. आमच्या वेळी हे सांगावं लागत नव्हतं. असो.

तुमच्या आराखड्यात टोकियो, क्योटो, ओसाका आहे, म्हणजे सगळे जातात तेच. एखादं शहर कमी करा आणि नागासाकीला जा. ओसाकाहून हाकाताला बुलेट ट्रेनने जायचं, तिथून पुढे ताकेओ-ओन्सेनला समोरच्याच फलाटावर गाडी बदलायची. चार-साडेचार तासांत पोचाल. स्टेशनपासून पाच मिनिटं चाललात की निशिझाकाची टेकडी. आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया तिथे 5 फेब्रुवारी 1597 ला क्रुसावर गेला, आणखी पंचवीस जणांबरोबर. हा माणूस आधी जपानात व्यापार करायचा. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि जपानी भाषा येत होती म्हणून 1593 मध्ये दुभाष्या होऊन परत गेला. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने पकडल्यावर क्योटोत त्याच्या आणि सोबत्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापल्या आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं, सुमारे आठशे किलोमीटर. त्याच वाटेने तुम्ही गादीच्या खुर्चीत बसून जाणार. 1862 मध्ये तो संत झाला. वसईत त्याच्या नावाने कॉलेज आहे, ते ठाऊक असलेले पुष्कळ. टेकडी पाहिलेले आपल्या आळीत मला तरी कोणी माहीत नाही. तिथे 1962 मध्ये उभारलेल्या स्मारकावर सव्वीस जण ओळीने कोरलेत, शेजारी संग्रहालयही आहे.

हनिमूनला कोणी वधस्थळ पाहायला जातं का, असं जावईबापू विचारतील. त्यांना सांग, तासाभराचं काम आहे. संध्याकाळी इनासा डोंगरावरून बंदराचे दिवे पाहा, चाम्पोन नूडल्स खा, आणि पोर्तुगीजांनी शिकवलेला कास्तेला केक माझ्यासाठी आणा. फिरंग्यांनी आपल्याला काय दिलं नि जपान्यांना काय दिलं, ते जिभेला तरी कळेल.

तिकिटं पासपोर्टवरच्याच नावाने काढ. लग्नानंतरचं आडनाव तिकिटावर आणि माहेरचं पासपोर्टवर, असा घोळ विमानतळावर निस्तरता येत नाही. विवाहपूर्व शिबिराची तारीख फादरांना आजच विचार. आणि तुझी आई राग विसरून डब्यात विंदालू भरून देईल, ते घेऊ नको. मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेऊ देत नाहीत, सापडलं तर दंड होतो. तिला हे तूच सांग, माझं नाव पुढे करू नको.

तुझी,
मावशी