नाक मोकळे करणारी बाटलीच नाक बंद करते तेव्हा



या तिमाहीच्या आरोग्य अभ्यासाचा विषय वरवर अगदी लहान आहे: सर्दी झाली की नाकात टाकायचे थेंब किंवा फवारा. मलेरिया, सिकलसेल, कुपोषण असे मोठे प्रश्न समोर असताना तळहातात मावणाऱ्या एका बाटलीवर पाठ कशाला, असे कोणी विचारील. देवरी आणि सालेकसा तालुक्यांतील टोल्यांवर फिरताना ही बाटली मला कधी शर्टाच्या खिशात, कधी उशीखाली, तर एकदा बाळाच्या पाळण्याजवळ दिसली. आपल्या मंडळीतही ती आहे. उपासना संपल्यावर "ताई, हे औषध दोन वर्षांपासून चालू आहे, काही होत तर नाही ना?" असे विचारणारे भेटतात. म्हणून हा पाठ टोल्यावरच्या लोकांसाठी आहे, तसाच आपल्यासाठीही आहे.

आपल्या भागात नाक का बंद होते

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात हलके धान कापणीला येते, मागून भारी धान. मग पुंजणे रचले जातात, मळणी सुरू होते आणि खळ्यावर दिवसभर भुसा आणि बारीक धूळ उडते. राइस मिलमध्ये काम करणाऱ्यांना तर ही धूळ वर्षभर असते. घरात चुलीचा धूर आणि पहाटे जंगलाकडून येणारी थंडी. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर वेगळाच. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. पण धूळ आणि धूर यांमुळे चोंदलेले नाक त्यांचा त्रास चालू आहे तोपर्यंत मोकळे होत नाही. अशा वेळी माणूस आठवडी बाजारातून किंवा मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतो. दोन थेंब टाकले की पाच-दहा मिनिटांत नाक उघडते. महिनोन्‌महिने नीट न झोपलेल्या माणसाला हा चमत्कारच वाटतो.

बाटलीत काय असते, ते काम कसे करते

अशा औषधांत बहुधा ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन यांपैकी एक घटक असतो. बाटलीवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली साधे मिठाचे पाणीही विकले जाते आणि हे औषधही. म्हणून बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचावा, किंवा वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावा.

आपल्या नाकाच्या आत, बाजूच्या भिंतींवर मऊ मांसाच्या घड्या असतात. आत येणारी हवा गरम आणि ओली करणे हे त्यांचे काम. त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. सर्दीत किंवा धुळीने या वाहिन्यांत जास्त रक्त भरते, घड्या फुगतात आणि वाट बंद होते. नाक "भरले" असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा आत शेंबूड नसतो, सूज असते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी ते मोकळे होत नाही.

हे औषध त्या रक्तवाहिन्या आवळते. शेतकरी बांधीत जाणारे पाणी तोंडाशी माती घालून अडवतो, तसेच. बांधी उतरते, वाट मोकळी होते. आठ-दहा तास आराम पडतो. पण माती निघाली की पाणी पुन्हा शिरते. रोज, दिवसातून कितीदा, हे अडवणे-सोडणे चालू राहिले की नाकाचा अस्तर औषधाला दाद देईनासा होतो. औषध उतरताच सूज पहिल्यापेक्षा जास्त येते. त्या सुजेवर पुन्हा तेच औषध, आणि त्या औषधाने पुन्हा सूज. मूळ सर्दी केव्हाच गेलेली असते. आता नाक बंद होते ते औषधामुळेच.

डॉक्टरांना हा आजार नवा नाही. नाकाच्या औषधानेच नाक बिघडते हे १९३० च्या दशकापासून वैद्यकात नोंदले गेले आहे. नवीन आहे ते एवढेच, की बाटली आता जंगलातल्या टोल्यापर्यंत पोहोचली आणि तिच्यासोबतची सूचना मात्र पोहोचली नाही.

राइस मिलमध्ये हमाली करणाऱ्या एका भावाने मला हा आजार कोणत्याही पुस्तकापेक्षा नीट सांगितला: "ताई, आधी दिवसाला एकदा टाकत होतो. आता टाकलो का दोन घंटे खुलते, नाही टाकलो का रातभर जीव गुदमरते." दोन ओळींत सगळी लक्षणे आली. आराम दिवसेंदिवस कमी वेळ टिकतो, बाटली जास्त वेळा लागते, रात्री तिच्यासाठी जाग येते, आणि शिंका किंवा वाहणारे नाक नसतानाही नाक बंद असते.

मर्यादा किती

साधा नियम लक्षात ठेवा: मोठ्या माणसाने तीन दिवस. डॉक्टरांनी सांगितले तर फार तर पाच. त्यानंतरही नाक बंद असेल तर दुसरी बाटली आणायची नाही, कारण शोधायचे. काहींना औषधाची ही उलटी सूज थोड्या दिवसांत येते, काहींना काही आठवड्यांनी. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, म्हणून तीन दिवसांची शिस्त सर्वांनाच.

दीर्घकाळ वापरल्याने नाक आतून कोरडे पडते, जळजळते, रक्त येते. क्वचित नाकाच्या मधल्या पडद्याला भोकही पडते. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढल्याचा आजार, मधुमेह, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांनी हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही घेऊ नये. गरोदर बहिणींनीही विचारूनच घ्यावे.

लहान मुलांबाबत विशेष सावधगिरी

बाळ पहिले काही महिने मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक बंद झाले की त्याला दूध ओढता येत नाही आणि आई घाबरते. ही घाबरगुंडी खरी आहे, तिच्यावर रागावू नये. पण मोठ्यांचे थेंब हा तिचा उपाय नाही.

एका टोल्यावर शहरात कामाला गेलेल्या मुलाने आईसाठी पाठवलेली बाटली घरात होती. आजीने मायेपोटी तिचे थेंब सात महिन्यांच्या नातवाच्या नाकात टाकले, रात्रभरात तीनदा. सकाळी बाळ सुस्त पडले, दूध घेईना. घरच्यांनी वेळ न घालवता त्याला रुग्णालयात नेले, तिथे एक दिवस देखरेखीखाली ठेवले आणि देवाच्या कृपेने ते बरे होऊन घरी आले. आजी मला म्हणाली, "बाई, माझं नाक खुलते म्हणून त्याचंबी खुलेल असं वाटलं." यात तिचा दोष काढण्यासारखे काही नाही. बाटलीवरचे अक्षर तिला वाचता येत नव्हते आणि कोणी वाचून दाखवले नव्हते.

हे औषध पोटात गेले तर आणखी धोक्याचे असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१२ मध्ये इशारा दिला होता की लहान मुलाने एक ते दोन मिलिलिटर एवढे जरी गिळले तरी गंभीर परिणाम होऊ शकतात. मूल पेंगुळते, नाडी मंदावते, श्वास कमी होतो. म्हणून बाटली उंचावर, बंद डब्यात ठेवा. मुलाने औषध प्यायल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

बाळाचे नाक बंद असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे निर्जंतुक थेंब दूध पाजण्याच्या थोडे आधी टाकावेत. आशाताईंना विचारावे. कापूर किंवा कापूर असलेला बाम बाळाच्या नाकाजवळ लावू नये, दोन वर्षांखालील मुलांना तो घातक ठरू शकतो. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा ते दूध पीत नसेल तर ही सर्दी समजून घरी थांबू नये. सिकलसेल असलेल्या मुलाला सर्दीसोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सवय कशी सोडवायची

ज्यांची बाटली महिनोन्‌महिने चालू आहे त्यांनी निराश होऊ नये. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे नाक पूर्ववत होते. पहिला आठवडा कठीण जातो, त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त. कोणाला एक-दोन आठवडे लागतात, कोणाला आणखी काही.

१. आधी डॉक्टरांना भेटा आणि किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा औषध घेता ते खरे सांगा. नाक मुळात का बंद झाले होते, ॲलर्जी, वाकडा पडदा की आतली गाठ, हेही तपासले पाहिजे.

२. एका वेळी एक नाकपुडी सोडा. समजा, उजव्या नाकपुडीत औषध पूर्ण बंद करा आणि डावीत फक्त रात्री ठेवा. उजवी मोकळी राहू लागली की डावीतही बंद करा. अशाने एक वाट नेहमी चालू राहते आणि जीव घाबरत नाही.

३. दिवसातून तीन-चार वेळा मिठाचे पाणी वापरा. एक लिटर पाणी पाच मिनिटे खळखळ उकळून झाकून गार करा आणि त्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. पाणी रोज ताजे करा. विहिरीचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात कधीही घालू नका.

४. सूज उतरवण्यासाठी डॉक्टर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारखा स्टिरॉइडचा फवारा देऊ शकतात. तो लगेच नाक उघडत नाही, गुण यायला काही दिवस लागतात. "हे औषध चालत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी सोडू नका. तो मनाने सुरूही करू नका.

५. रात्री उशाशी एक घडी जास्त घ्या. खळ्यावर आणि मिलमध्ये नाका-तोंडाला ओला दुपट्टा बांधा. शक्य तिथे चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट करा. विडी-तंबाखूचा धूर नाकाची सूज वाढवतो.

वाफ घ्यायची असेल तर दुरून आणि मुलांना जवळ न येऊ देता, उकळत्या भांड्याने भाजल्याच्या घटना घडतात. आणि बाटलीऐवजी सर्दीच्या गोळ्या चालू करू नका. त्यांपैकी पुष्कळ गोळ्यांत रक्तवाहिन्या आवळणारेच औषध असते.

वचनाच्या प्रकाशात

पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा "थोडा" हा शब्द त्याने गाळला नाही (१ तीमथ्य ५:२३). औषध घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. पण औषधाला माप असते, आणि ते मापही देवाने दिलेल्या शहाणपणाचाच भाग आहे. करिंथकरांना लिहिताना तोच पौल म्हणतो की ज्या गोष्टींची मोकळीक आहे त्यांच्याही ताब्यात मी जाणार नाही (१ करिंथ ६:१२).

मात्र या वचनाची काठी करून कोणाला मारू नका. थेंबांची सवय म्हणजे दारूचे व्यसन नव्हे. बाटली वापरणारा नशा करत नाही, त्याला फक्त श्वास हवा असतो. त्या हमाल भावाने वरच्या पद्धतीने बाटली सोडली तेव्हा पहिले चार दिवस त्याची पत्नी रात्री उठून मिठाचे पाणी करून देत होती. उपदेश तिने एकही केला नाही. मंडळीनेही हेच करावे.

हितचिंतकांना विनंती

आपण प्रेमाने औषधांच्या पेट्या पाठवता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. एक विनंती आहे. नाकाच्या थेंबांच्या बाटल्या, विशेषतः उघडलेल्या, त्यांत घालू नका. एकाच्या नाकाला लागलेली बाटली दुसऱ्याने वापरू नये, आणि सूचना न समजता हाती आलेले औषध मदत ठरत नाही. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे सीलबंद थेंब, धुळीपासून संरक्षण देणारे मास्क, जाड चादरी पाठवा. आणि आपल्या घरच्या कपाटातली जुनी बाटली आजच काढून तिच्यावरची तारीख पाहा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी तीन दिवसांपेक्षा जास्त चालू असलेले नाकाचे औषध आहे का? ते कोणी सुचवले होते?
२. वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती आपण औषध देतो तेव्हा आपली जबाबदारी कुठे संपते?
३. पौलाच्या "थोडा" या शब्दाचा आपल्या इतर कोणत्या सवयींशी संबंध आहे?
४. मळणीच्या हंगामात आपली मंडळी एका टोल्यासाठी कोणती एक गोष्ट करू शकेल?

प्रार्थना: हे जीवनदात्या पित्या, तू दिलेल्या प्रत्येक श्वासाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. रात्री ज्यांना नीट श्वास घेता येत नाही त्यांना धीर दे, आणि त्यांच्याजवळ जागण्यासाठी आम्हाला तयार कर. आमेन.