सातबाऱ्यावरचं नाव (लूक 12:13–21)



आजचं शास्त्रवाचन लूककृत शुभवर्तमान, अध्याय 12, वचनं 13 ते 21. कृपया आधी आपापल्या पवित्र शास्त्रातून हा भाग सावकाश वाचून घ्या आणि मग पुढे या. मूर्ख धनवानाचा दाखला आपल्याला लहानपणापासून, संडे स्कूलपासून पाठ आहे. पण मी आज त्या दाखल्याच्या आधीच्या दोन वचनांवर अडकलो, आणि खरं सांगायचं तर तीन दिवस तिथेच अडकलोय.

गर्दीतला एक माणूस येशूला विनंती करतो की गुरुजी, माझ्या भावाला वारसा वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? त्यानंतर तो सगळ्यांना लोभापासून जपायला सांगतो आणि धनवानाची गोष्ट सुरू करतो.

या माणसाचं नाव लूकने दिलेलं नाही. त्याची बाजू खोटी होती असंही लिहिलेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळायचा (अनुवाद 21:17), त्यामुळे तक्रार घेऊन आलेला हा बहुधा धाकटा असावा आणि त्याचा हक्क बहुधा खरा असावा. तरीही येशूने त्याचं प्रकरण हातात घेतलं नाही. मी इतकी वर्षं हे वाचताना त्या माणसाला लोभी समजत होतो. या वेळी वाचताना लक्षात आलं की मी पण धाकटाच आहे, आणि माझा हक्क पण कागदावर अगदी पक्का आहे.

आता घरची गोष्ट सांगतो. लाज वाटते, पण मननात लपवून काय उपयोग.

कुरखेड्याजवळ आमची साडेचार एकर धानाची शेती आहे. बाबा 2019 मध्ये प्रभूमध्ये निजले, आई त्याच्या आधीच गेली. आम्ही दोघेच भाऊ. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून सातबाऱ्यावर दोघांची नावं चढली. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली बारा वर्षं त्या बांध्यांमध्ये मी पाय टाकलेला नाही, म्हणजे फोटो काढायला टाकला असेल तेवढाच. पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी, चुरणा सगळं दादा आणि वहिनी करतात. पीक कर्ज असो की धान विक्रीची नोंदणी असो, माझं संमतीपत्र लागतं. दादा दरवर्षी फोन करतो, मी दरवर्षी म्हणतो, हो, पाठवतो. आणि पाठवत नाही. म्हणजे पाठवतो, पण दोन-तीन आठवड्यांनी, आठवण केल्यावर, थोडं ऐकवून. गेल्या वर्षी माझ्यामुळे इतका उशीर झाला की बँकेचं कर्ज हुकलं आणि दादाला गावातूनच व्याजाने पैसे उचलावे लागले. किती टक्क्याने ते त्याने मला सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.

आमच्या कामात एक प्रकार असतो. डेटाबेसमध्ये एखादं कनेक्शन एका नोंदीवर लॉक घेतं आणि नंतर काहीच न करता नुसतं बसून राहतं. ना लिहितं, ना वाचतं, ना सोडतं. बाकीचे सगळे मागे रांगेत तिष्ठत उभे. रात्री दोन वाजता उठून असली अडलेली कनेक्शन्स मी शेकड्याने मोकळी केली असतील. सातबाऱ्यावरचं माझं नाव नेमकं तसंच आहे हे मला दिसायला पाच वर्षं लागली.

बरं, पैशासाठी धरून बसलो होतो का? तसंही नाही. दादा दरवर्षी मला एक पोतं तांदूळ पाठवतो, त्यापलीकडे मी कधी काही मागितलं नाही, आणि याचाच मला अभिमान होता. मी लोभी नाही, कारण मी काही घेत नाही, असा माझा हिशेब. पण धनवानाच्या दाखल्यात तो माणूसही कोणाकडून काही घेत नाही. त्याने चोरी केलेली नाही, मजुरी बुडवली असं लिहिलेलं नाही. जमीन छान पिकली, एवढंच. तो मनाशी बोलत बसतो, आणि त्या बोलण्यात माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव, असं सारखं माझं-माझं येत राहतं. दुसऱ्या माणसाचा उल्लेखच नाही. बायको नाही, भाऊ नाही, ज्यांनी कापणी केली ते मजूर नाहीत. मग देव त्याला सांगतो की आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल. इथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा अर्थ परत मागणे असा होतो. लूक 6:30 मध्ये, कोणी तुझं काही नेलं तर ते परत मागू नकोस असं येशू सांगतो, तिथेही तेच क्रियापद आहे. म्हणजे ज्याला तो माझा जीव, माझा जीव म्हणत होता तोसुद्धा उधारीवरचा निघाला.

मला त्या शेतात नेमकं काय धरून ठेवायचं होतं, हे प्रार्थनेत विचारत गेलो तेव्हा उत्तर आलं ते धान नव्हतं. धुऱ्यावर एक मोहाचं झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात आई आम्हाला उठवायची आणि टोपल्या घेऊन आम्ही मोह वेचायला जायचो. दवात भिजलेली ती फुलं, तो गोडसर वास, आणि सूर्य वर यायच्या आत घरी. आई गेल्यावर मला वाटत राहिलं की कागदावरून नाव गेलं की ते झाडही गेलं, आणि झाड गेलं की आई गेली. (आपल्या भाषेत झाडाचं नाव आणि मनाच्या त्या ओढीचं नाव एकच आहे, याचं मला या आठवड्यात हसूही आलं आणि रडूही.)

सोडणं म्हटलं की आपल्या मराठी मंडळीत सगळ्यांना आठवतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. आमच्या भागाशी त्यांचा धागा आहे, म्हणून मला ते जरा जास्त जवळचे वाटतात. कुरखेड्याहून कोरचीच्या पलीकडे गेलं की छत्तीसगड लागतं, आणि त्या बाजूचं मोठं शहर राजनांदगाव. 1893 च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी रेल्वेने निघाले होते. त्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्डसाहेबांनी त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळकांना पकडलं ते डोंगरावरील प्रवचनाने. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि जात, गोत, नातेवाईक सगळं एका दिवसात तुटलं.

ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण मला दुसरी गोष्ट जास्त टोचते, आणि ती कमी सांगितली जाते. 1917 मध्ये, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी झाले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तोपर्यंत ते पाळक होते, ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळत होते, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव होतं. 1895 साली सोडलं ते जुन्या आयुष्यातलं होतं. 1917 साली सोडलं ते ख्रिस्ती आयुष्यातच मिळालेलं होतं, चांगलं होतं, प्रभूच्या सेवेतलं होतं. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, 9 मे 1919 ला, ते गेले.

इथे एक कबुली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यापासून मला टिळकांच्या त्यागाबद्दल निर्भेळ कौतुक वाटत नाही. 1895 नंतर काही वर्षं ती बाई लहानग्या दत्तूला घेऊन नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिली. पुढे एकत्र आल्यावरही संसाराचा पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे, आणि चुलीवर काय चढवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. एकाच्या सोडण्याचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर किती पडतं, हे त्या पुस्तकाइतकं हसत-हसत कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. पुढे त्यांनी स्वतः प्रभूला स्वीकारलं आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केलं. पण सुरुवातीला त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून मी आधी घरी विचारलं. मला वाटलं होतं बायको म्हणेल, मुलीचा विचार कर, फ्लॅटचे हप्ते अजून चौदा वर्षं आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादांच्या नावाने करून द्या, माझी हरकत नाही. पण एक. नंतर कधी त्यांना ऐकवायचं नाही, की मी तुला दिलं म्हणून. तेवढं जमणार असेल तरच द्या.”

सही मला सोपी वाटत होती. हे वाक्य ऐकल्यावर अवघड वाटायला लागली.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्याच मंडळ्यांमध्ये याचा गैरवापर होतो. आपल्याकडे हक्कसोडपत्रावर सह्या बहुतेक वेळा बहिणींच्या घेतल्या जातात. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण त्याला प्रेम म्हणतो, वर एखादं वचनही सांगतो. लूक 12 चा आधार घेऊन कोणी बहिणीला, विधवा वहिनीला किंवा अडलेल्या भावाला ‘जगाच्या गोष्टी सोड’ म्हणत असेल तर त्याने हा भाग उलटा वाचलाय. हा दाखला भरलेल्या कोठाराच्या मालकाला सांगितलेला आहे. पगार माझा चालू आहे, म्हणून मला सांगितलेला आहे.

आणि सगळ्यांना सगळंच विकायला सांगितलं असंही नाही. मार्क 10 मधल्या श्रीमंत माणसाला येशूने सगळं विकायला सांगितलं. जक्कयाने मात्र अर्धं द्यायचं ठरवलं, तर त्याच्या घरी तारण आलं. मार्थेचं घर तर तसंच राहिलं, येशू तिथे जेवायला जायचा. मार्कमधल्या त्या श्रीमंत माणसाबद्दल एक बारीक गोष्ट आहे. तो उतरल्या चेहऱ्याने निघून गेला असं आपण वाचतो. तिथला ग्रीक शब्द मत्तय 16:3 मध्ये झाकोळून आलेल्या आकाशासाठी वापरलाय. आणि त्याच्याकडे पुष्कळ धन होतं म्हणताना जो शब्द आहे, तोच प्रेषितांची कृत्ये 5:1 मध्ये हनन्याच्या मालमत्तेसाठी येतो, जी पुढे जमीन होती हे कळतं. कोणास ठाऊक, त्याच्याही धुऱ्यावर एखादं झाड असेल.

आमच्या शेजारच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड गाव आहे. ते ख्रिस्ती गाव नाही. 2009 मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर 2013 मध्ये त्यांनी 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची ज्याची त्यानेच, पण मालकी गावाची. प्रेषितांची कृत्ये 4:32 मी आजवर कितीदा वाचलं असेल, कोणीही आपलं काही स्वतःचं म्हणत नव्हतं ते. वाचून मी मनात म्हणायचो, पहिल्या शतकातली गोष्ट, आता कसं शक्य आहे. माझ्या घरापासून एक तालुका पलीकडे लोक ग्रामसभेत बसून ते ठरवत होते, आणि मी पुण्यात बसून संमतीपत्र लांबवत होतो.

मार्क 10:29-30 मध्ये येशू सोडलेल्या गोष्टींची यादी देतो. घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं. शंभरपट परत मिळेल म्हणतो, आणि मध्येच छळही मिळेल असं सांगून टाकतो. त्या यादीत भाऊ आणि शेत दोन्ही आहेत. मी पाच वर्षं शेत धरून ठेवलं आणि भाऊ सोडला. प्रभूसाठी नाही, असाच सोडला. फोनवर आम्ही फक्त कागदांबद्दल बोलत होतो.

परवा रात्री दादाला फोन केला. म्हणालो, माझा हिस्सा तुझ्या नावाने करून देतो, मोबदला नको. तो बराच वेळ बोलला नाही. मागे बेडकांचा आवाज येत होता. मग म्हणाला, “कायले? कोणी काही बोलला का तुले?” मी म्हटलं, कोणी नाही. गेल्या वर्षीच्या कर्जाची माफी मागितली. त्यावर तो म्हणाला, “ते जाऊ दे. रोवणीले येतोस का, सांग. माणसं भेटून नाही राहिले.”

सोमवारी दस्त आहे. आज रात्रीच्या गाडीने नागपूरला निघतोय, उद्या दुपारपर्यंत वडसा, तिथून गावी. अजूनही मनात एक आवाज आहे की निदान झाडापुरता तुकडा नावावर ठेवावा, अर्ध्या गुंठ्याने कोणाचं काय बिघडतं. नकाशा उघडून मी काल तो तुकडा मोजूनही पाहिला. प्रार्थनेत आठवण ठेवा. दादाची रोवणी अर्धी राहिली आहे, पावसाने पाठ फिरवलीय आणि वहिनीची कंबर धरलीय, त्यांच्यासाठीही प्रार्थना करा.

गावात नेटवर्क मिळालं तर उद्याचं मनन तिथूनच. वाचन: लूक 12:22–34.